शेतातल्या वाफ्यांतून ऑयलरच्या कोड्याकडे

पनवेलच्या खाडीलगत भातशेती करायची म्हणजे दरवर्षी समुद्राशी भांडण. बांध फुटला, उधाणाचं पाणी आत शिरलं की खाचरात मीठ बसतं आणि रोप पिवळं पडतं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र पनवेलला आहे ते याच कारणासाठी. क्षार सोसणारे ‘पनवेल-1’, ‘पनवेल-2’ आणि ‘पनवेल-3’ हे भाताचे वाण गावाचं नाव घेऊनच शेतकऱ्यांच्या खाचरात पोचले.

नवा वाण निवडताना संशोधकापुढे एक जुनी अडचण उभी राहते. पाच वाण पाच वाफ्यांत लावले आणि त्यांतल्या एकाचं पीक भरघोस आलं, तर श्रेय कोणाला द्यायचं? वाणाला की वाफ्याला? खाडीकडच्या वाफ्यात खारेपणा जास्त, आतल्या बाजूला कमी. दुसऱ्या दिशेला पाहावं तर एकीकडे पाणी साचतं, एकीकडे ओसरतं. म्हणजे जमीन आडवी बदलते, तशी उभीही बदलते.

यावर एक तोड आहे. शेताचे आडवे पाच आणि उभे पाच असे पंचवीस वाफे पाडायचे आणि वाण असे लावायचे की प्रत्येक आडव्या ओळीत प्रत्येक वाण एकदाच येईल आणि प्रत्येक उभ्या ओळीतही एकदाच. मग जमिनीची खोड सगळ्या वाणांच्या वाट्याला सारखी येते आणि उरलेला फरक वाणाचा म्हणता येतो. या मांडणीला लॅटिन चौरस म्हणतात. वर्तमानपत्रातलं सुडोकू सोडवणाऱ्यांच्या हातून रोज नऊ बाय नऊचा एक लॅटिन चौरस तयार होतो. 1920 च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथल्या शेती-संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी या मांडणीला शास्त्राचा पाया दिला आणि 1935 मध्ये प्रयोगांच्या आखणीवर पुस्तक लिहिलं. तेव्हापासून शेतीचा प्रयोग आणि गणित यांची गाठ पक्की झाली.

अशा मांडण्यांचं गणित ज्यांनी आयुष्यभर केलं आणि ते करता करता अठराव्या शतकातल्या एका थोर गणितज्ञाची अटकळ खोटी ठरवली, ते प्रा. शरदचंद्र शंकर श्रीखंडे. मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे ते पहिले प्रमुख. पनवेलची महाविद्यालयं याच विद्यापीठाशी जोडलेली आहेत. इथला विद्यार्थी एमएस्सीसाठी हार्बरची गाडी पकडून कुर्ल्याला उतरतो आणि कालिन्याला जातो, तो श्रीखंड्यांनी उभ्या केलेल्या विभागात.

श्रीखंड्यांचा जन्म 19 ऑक्टोबर 1917 चा, सागरचा. सागर आज मध्य प्रदेशात आहे. त्या काळी ते मध्य प्रांतात होतं आणि प्रांताची राजधानी होती नागपूर. नागपुरातच त्यांचं महाविद्यालयीन शिक्षण झालं आणि पुढे तिथेच त्यांनी शिकवलंही. त्या पिढीतल्या संख्याशास्त्राच्या वाटा कलकत्त्याकडे जात. तिथे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली होती आणि राजचंद्र बोस हे मुळात भूमितीचे असलेले गणितज्ञ तिथे प्रयोगांच्या आखणीकडे वळले होते. वाणांची आणि वाफ्यांची मांडणी ही खरं तर बिंदू आणि रेषांची भूमितीच आहे, हे बोस यांनी ओळखलं. बिंदू म्हणजे वाण, रेषा म्हणजे वाणांचा गट. पुढे बोस अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात चॅपेल हिलला गेले. तिथेच त्यांच्या मार्गदर्शनाखाली श्रीखंड्यांनी 1950 मध्ये पीएचडी मिळवली.

त्या वर्षीचा त्यांचा एक शोध समजून घ्यायला शाळेतलं गणित पुरतं. समजा सात वाणांची तुलना करायची आहे, पण एका ठिकाणी जागा तीनच वाणांपुरती आहे. तेव्हा तीन-तीन वाणांचे सात गट करायचे: 1-2-4, 2-3-5, 3-4-6, 4-5-7, 5-6-1, 6-7-2, 7-1-3. आता यातले कोणतेही दोन आकडे निवडा. ते बरोबर एकाच गटात एकत्र सापडतील. 3 आणि 7? शेवटच्या गटात. 1 आणि 6? पाचव्या गटात. प्रत्येक वाणाची प्रत्येक दुसऱ्या वाणाशी गाठ सारख्याच वेळा पडते, म्हणून तुलना न्याय्य होते. अशा मांडणीला संतुलित गट-आराखडा म्हणू.

आता मोठी मागणी करून पाहू. 22 वाण, 22 गट, प्रत्येक गटात 7 वाण आणि कोणतेही दोन वाण बरोबर दोन गटांत एकत्र. हिशेब तपासला तर जमा-खर्च चोख जुळतो. एक वाण 7 गटांत येतो, प्रत्येक ठिकाणी त्याला 6 सोबती मिळतात, म्हणजे 42 भेटी. आणि बाकीच्या 21 वाणांशी दोन-दोनदा भेटायचं तर तेही 42. मग आराखडा सापडायला हवा. पण तो सापडत नाही, सापडणारच नाही. वाणांची आणि गटांची संख्या सारखी असून ती सम असेल, तर गटातल्या वाणांच्या संख्येतून एकत्र भेटींची संख्या वजा केल्यावर पूर्ण वर्ग उरलाच पाहिजे, हे श्रीखंड्यांनी सिद्ध केलं. इथे 7 वजा 2 म्हणजे 5, आणि 5 हा कशाचाच वर्ग नाही. फ्रान्समध्ये श्युत्झेनबर्गर यांनीही याच सुमारास स्वतंत्रपणे हा निष्कर्ष काढला होता. असंख्य आराखडे तपासत बसण्याची गरज त्यामुळे एका वजाबाकीत संपली.

‘असं होऊ शकत नाही’ हे सिद्ध करणाऱ्या माणसाचं नाव जगभर झालं ते मात्र ‘असं होऊ शकतं’ हे दाखवल्यामुळे.

लिओनार्ड ऑयलर हा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला गणितज्ञ. आयुष्याच्या शेवटच्या काळात तो जवळजवळ पूर्ण आंधळा झाला होता, तरी सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याचं संशोधन थांबलं नव्हतं. 1782 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात त्यानं हे कोडं मांडलं: सहा पलटणी आहेत आणि प्रत्येक पलटणीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे सहा अधिकारी आले आहेत. या छत्तीस जणांना सहा बाय सहाच्या चौकोनात असं उभं करायचं की प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक पलटणीचा एक आणि प्रत्येक हुद्द्याचा एक अधिकारी असेल. जमेल का?

तीन पलटणी आणि तीन हुद्दे असते तर सहज जमलं असतं. पलटणींना क, ख, ग म्हणू आणि हुद्द्यांना 1, 2, 3.

क1  ख2  ग3
ख3  ग1  क2
ग2  क3  ख1

नुसती अक्षरं पाहिली तर एक लॅटिन चौरस दिसतो, नुसते आकडे पाहिले तर दुसरा. आणि दोन्ही एकमेकांवर ठेवले की नऊच्या नऊ जोड्या वेगळ्या निघतात. अशा दोन चौरसांना एकमेकांचे जोडीदार चौरस म्हणता येईल. शेतात त्यांचा उपयोग उघड आहे: अक्षर म्हणजे वाण, आकडा म्हणजे खताची मात्रा. एकाच प्रयोगात दोन्हींची परीक्षा होते.

ऑयलरला 3, 4, 5, 7, 8, 9 या आकारांचे जोडीदार चौरस बनवता येत होते. कोणत्याही विषम संख्येसाठी आणि चारने भाग जाणाऱ्या कोणत्याही संख्येसाठी त्याच्याकडे पद्धत होती. 2 चा चौरस तर उघडच अशक्य. 6 वर गाडी अडली. त्यावरून त्यानं अटकळ बांधली की 6, 10, 14, 18, 22 अशा, चारने भागल्यावर दोन उरणाऱ्या कोणत्याही आकाराची जोडी मिळणार नाही.

6 बाबत तो बरोबर होता, पण ते सिद्ध व्हायला शंभराहून अधिक वर्षं गेली. सहाच्या आकाराचे लॅटिन चौरस एकंदर 81,28,51,200 आहेत. पहिली आडवी आणि पहिली उभी ओळ ठरावीक क्रमानं लावली की वेगळे उरतात 9,408. फ्रेंच अंमलातल्या अल्जीरियात नोकरी केलेले हौशी गणितज्ञ गास्तों तारी यांनी या चौरसांची प्रकारवारी लावून, सगळ्या शक्यता हातानं तपासून 1900-01 मध्ये दाखवलं की छत्तीस अधिकाऱ्यांची रांग लागत नाही. त्यामुळे पुढच्या आकारांबद्दलही ऑयलर बरोबरच असणार, असा विश्वास वाढत गेला. दहाच्या आकाराचे सगळे चौरस तपासणं तर 1950 च्या दशकातल्या संगणकांच्याही आवाक्याबाहेरचं होतं.

1958 मध्ये अमेरिकेत युनिव्हॅक संगणकाच्या कंपनीत काम करणाऱ्या अर्नेस्ट पार्कर यांनी 21 आकाराच्या चौरसांबद्दल एक निष्कर्ष काढला. ऑयलरच्या अटकळीवरून पुढे बांधलेली एक व्यापक अटकळ त्यामुळे कोसळली. पार्करच्या कामाचं मर्म संतुलित आराखड्यांत होतं, आणि आराखडे ही बोस आणि श्रीखंडे यांची घरची विद्या. श्रीखंडे तेव्हा पुन्हा चॅपेल हिलला आले होते. दोघांनी मिळून 22 बाय 22 आकाराची जोडी उभी केली. ऑयलरच्या यादीतल्या संख्येचं हे पहिलं उलट उदाहरण.

हे कसं जमलं, याची कल्पना 1850 च्या एका इंग्रजी कोड्यातून येते. शाळेतल्या पंधरा मुली रोज तिघी-तिघींच्या रांगेत फिरायला निघतात. सात दिवसांचं वेळापत्रक असं करायचं की कोणत्याही दोन मुली आठवड्यात बरोबर एकदा एकाच रांगेत येतील. थॉमस कर्कमन यांच्या या कोड्याला उत्तर आहे: रोज पाच रांगा, म्हणजे आठवड्याला पस्तीस. आता प्रत्येक दिवसासाठी एक नवी पाहुणी आणा आणि तिला त्या दिवसाच्या पाचही रांगांत घाला. तिघींच्या पस्तीस रांगा चौघींच्या झाल्या. सात पाहुण्यांचा एक वेगळा गट करा. मुली आणि पाहुण्या मिळून झाल्या बावीस, आणि कोणत्याही दोघी बरोबर एकाच गटात एकत्र येतात. 4 आणि 7 आकाराच्या चौरसांच्या जोड्या तर पूर्वीपासून माहीत होत्या. गटागटाचे ते छोटे चौरस थोडे जुळवून घेऊन मोठ्या चौरसात आपापल्या जागी बसवले की 484 घरांचे दोन जोडीदार चौरस तयार होतात.

याच बावीसच्या आकड्यानं 1950 मध्ये एका आराखड्याला नकार दिला होता. तिथे गट सारख्या आकाराचे हवे होते. इथे चारांचे आणि सातांचे गट एकत्र चालवून घेतले आणि वाट मोकळी झाली.

पार्करनं लगेच 10 आकाराची जोडी शोधली. मग तिघांनी मिळून दाखवलं की 6 च्या पुढे ऑयलरनं अशक्य ठरवलेल्या प्रत्येक आकाराची जोडी मिळते. 177 वर्षं टिकलेली अटकळ 2 आणि 6 या दोनच ठिकाणी खरी निघाली, बाकी सगळीकडे खोटी. 26 एप्रिल 1959 च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं ही बातमी पहिल्या पानावर छापली. त्याच वर्षी ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या नोव्हेंबरच्या अंकाच्या मुखपृष्ठावर दहाच्या चौरसाचं रंगीत चित्र झळकलं. ऑयलरचा खेळ मोडणारे म्हणून या तिघांना गमतीचं टोपणनावही मिळालं.

1959 हे वर्ष श्रीखंड्यांसाठी आणखी एका कारणानं महत्त्वाचं. बुद्धिबळाच्या चार बाय चारच्या पटावर सोळा घरं घ्या. हत्ती एका चालीत ज्या घरांवर पोचतो, त्या घरांशी सुरुवातीचं घर रेघेनं जोडा. प्रत्येक घराचे सहा शेजारी होतात. कोणतीही दोन घरं निवडा, शेजारची असोत वा नसोत, दोन्हींचे सामाईक शेजारी दोनच निघतात. पट पाच बाय पाचचा, सहा बाय सहाचा असा कितीही मोठा असो, शेजाऱ्यांचे असे आकडे सांगितले की त्यावरून रेघांचं हे जाळं पुरतं ओळखता येतं. तेच आकडे असलेलं दुसरं जाळं नसतं. हे श्रीखंड्यांनी सिद्ध केलं आणि त्यातला एकमेव अपवादही शोधला: चार बाय चार. तिथे हत्तीच्या जाळ्याचे सगळे आकडे तंतोतंत पाळणारं, पण त्याहून निराळं असं सोळा बिंदूंचं एक जाळं आहे. फरक कोणत्याही बिंदूच्या शेजारच्या सहा बिंदूंकडे पाहिल्यावर कळतो. हत्तीच्या जाळ्यात ते तीन-तीनच्या दोन त्रिकोणांत विभागतात, तर श्रीखंड्यांच्या जाळ्यात सहाही मिळून एक षट्कोन करतात. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आज ते ‘श्रीखंडे आलेख’ म्हणून येतं. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन रचना आतून वेगळ्या आहेत हे ओळखण्याची रीत शिकवताना प्राध्यापक हमखास याच जोडीचं उदाहरण देतात.

त्याच वर्षी बोस यांच्याबरोबरच्या आणखी एका लेखात त्यांनी अशाच मांडण्यांचा संबंध संदेश पाठवताना होणाऱ्या चुका हेरणाऱ्या संकेतांशी जोडला. वाणांच्या तुलनेसाठी केलेलं गणित दळणवळणाच्या तंत्रातही कामाला आलं.

एवढं नाव झाल्यावर अमेरिकेत राहणं अवघड नव्हतं. श्रीखंडे परत आले. बनारस हिंदू विद्यापीठात काही काळ प्राध्यापक राहून साठच्या दशकात त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या नव्या गणित विभागाची सूत्रं हाती घेतली. विभागाबरोबर उभ्या राहिलेल्या गणिताच्या प्रगत अध्ययन केंद्राचेही ते पहिले संचालक. 1978 मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तेव्हा बैजिक भूमिती आणि संख्या-सिद्धांतातला मूलभूत अभ्यास जोरात होता. त्याच शहरातल्या विद्यापीठात श्रीखंड्यांनी मांडण्यांच्या आणि मोजणीच्या गणिताची, म्हणजे कॉम्बिनेटोरिक्सची, स्वतंत्र परंपरा रुजवली.

या परंपरेचा पुरावा त्यांच्या विद्यार्थ्यांत दिसतो. वसंती भट-नायक यांनी त्यांच्याबरोबर संशोधन केलं, संतुलित आराखड्यांवर त्यांच्या जोडीनं शोधनिबंध लिहिले आणि पुढे याच विभागाचं प्रमुखपद सांभाळलं. नवीन सिंघी हे त्यांचे आणखी एक विद्यार्थी; ते टाटा संस्थेत गेले आणि या विषयात जगभर ओळखले गेले. श्रीखंड्यांचे चिरंजीव मोहन श्रीखंडे अमेरिकेत याच शाखेचे प्राध्यापक झाले. त्यांनी मुंबई विद्यापीठातल्या शरद साने यांच्याबरोबर लिहिलेला आराखड्यांवरचा ग्रंथ 1991 मध्ये केंब्रिजनं प्रसिद्ध केला.

निवृत्तीनंतर श्रीखंड्यांनी अलाहाबादच्या मेहता संशोधन संस्थेचं संचालकपद सांभाळलं. हीच संस्था आज हरिश्चंद्र संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे आणि भारतीय विज्ञान अकादमीचे ते फेलो होते. 21 एप्रिल 2020 रोजी, करोनाच्या टाळेबंदीत देश घरात बसलेला असताना, वयाच्या 102 व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

त्यांनी हात घातलेले प्रश्न अजून चालूच आहेत. छत्तीस अधिकाऱ्यांची रांग लागत नाही हे तारी यांनी पक्कं केलं होतं. पण एकाच अधिकाऱ्याला एकाच वेळी अनेक हुद्द्यांच्या आणि पलटणींच्या मिश्र अवस्थेत राहू दिलं, म्हणजे पुंजभौतिकीचे नियम लावले, तर रांग लागते, असं भारत आणि पोलंडमधल्या संशोधकांनी 2022 मध्ये दाखवलं. त्यात आयआयटी मद्रासचे सुहेल अहमद रादर आणि अरुल लक्ष्मीनारायण होते. पुंज संगणकातल्या चुका दुरुस्त करण्याच्या कामी अशा रचना लागतात.

ज्यांना हे गणित हातानं करून पाहायचं आहे, त्यांनी पत्त्यांच्या कॅटमधून एक्के, राजे, राण्या आणि गुलाम असे सोळा पत्ते काढावेत आणि चार बाय चारमध्ये असे मांडावेत की कोणत्याही ओळीत एक्का, राजा, राणी, गुलाम यांतलं काहीही दोनदा येणार नाही आणि कोणताही रंगही दोनदा येणार नाही. थोड्या खटपटीनं जमेल. त्यापुढचा प्रश्न दहाचा. 1959 मध्ये दहा आकाराचे दोन जोडीदार चौरस सापडले. दहा आकाराचे नऊ चौरस सगळेच एकमेकांचे जोडीदार असणं अशक्य आहे, हे 1989 मध्ये कॅनडातल्या क्लेमेंट लॅम यांच्या गटानं संगणकाकडून दीर्घ तपासणी करून घेऊन दाखवलं. पण दहा आकाराचे तीन चौरस एकमेकांचे जोडीदार असू शकतात का, याचं उत्तर आजवर कोणालाही देता आलेलं नाही.